स्वयंपाकाच्या ओट्यासाठी ग्रॅनाइटची पारख

घर बांधताना किंवा जुन्या घराची दुरुस्ती करताना ज्या वस्तू एकदाच निवडावयाच्या असतात, त्यांत स्वयंपाकघरातील ओट्याच्या दगडाची गणना केली पाहिजे. भिंतींचा रंग चार वर्षांनी बदलता येतो. पडदे, भांडी, शेगडी ही तर हौसेप्रमाणे बदलत असतात. परंतु ओट्यावर एकदा बसवलेली शिळा उखडावयाची म्हणजे खालची कपाटे, मागच्या भिंतीच्या फरशा, नळ आणि सिंक ह्या सर्वांनाच हात लावावा लागतो. म्हणून बहुतेक घरांत ती शिळा वर्षानुवर्षे तशीच राहते. आणि निवड चुकली असेल, तर ती चूकही तितकीच वर्षे घरात नांदते. असे असूनही ही निवड बहुधा अर्ध्या तासात उरकली जाते. व्यापाऱ्याच्या अंगणात उभ्या केलेल्या शिळांपैकी जी सर्वांत अधिक चकाकते, किंवा जिचे नाव सर्वांत भारदस्त वाटते, तिच्यावर खडूने खूण करून मंडळी घरी परततात. दगड हा दगडच, त्यात पारखावयाचे ते काय, अशी ह्या घाईमागची समजूत असते. वस्तुतः ‘ग्रॅनाइट’ ह्या एका नावाखाली बाजारात जे दगड विकले जातात, ते जातीने, गुणाने आणि टिकाऊपणाने एकमेकांपासून पुष्कळच भिन्न असतात. हा भेद ओळखण्यासाठी लागणारी साधने मात्र प्रत्येक स्वयंपाकघरात तयारच असतात.

आपल्याकडे उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटा हा तसा अलीकडचा. पूर्वी चूल जमिनीवर असे. विळी, पाटा, परात हा सगळा संसार जमिनीवरच मांडलेला असे. पुढे चुलीची जागा शेगडीने, स्टोव्हने आणि गॅसने घेतली, गृहिणी उभी राहिली, आणि तिच्या कामाला उंचीवरचा सपाट दगड आवश्यक झाला. त्या वेळी मराठी घरांत ह्या कामी आला तो कडप्पा. आंध्रातील कडप्पा जिल्ह्यावरून नाव पडलेला हा काळसर दगड स्वस्त, सपाट आणि सहज मिळणारा होता. परंतु कडप्पा हा चुनखडकाच्या जातीचा. कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादची फरशी आणि राजस्थानातील कोट्याचा दगड हेही त्याच कुळातले. चुनखडक आणि आंबट पदार्थ ह्यांचे वैर उपजतच असते. लिंबू पिळताना पडलेला थेंब, आमसुलाचे पाणी, चिंचेचा कोळ, सांडलेले ताक, ह्यांतील आम्ल दगडातील चुन्याच्या अंशाशी लागलीच झगडू लागते आणि तेथे फिकट, खरखरीत डाग उमटतो. तो डाग दगडावर बसलेला मळ नसतो. त्या ठिकाणी दगडाचाच पापुद्रा झिजलेला असतो. म्हणून कितीही घासले तरी तो निघत नाही. संगमरवराचीही हीच कथा आहे. देव्हाऱ्यात आणि बैठकीच्या जमिनीवर शोभणारा हा दगड ओट्यावर थोड्याच दिवसांत निस्तेज होतो, त्याचे कारण हेच. आंबटाला दाद न देणारा दगड हवा, ह्या गरजेतून ग्रॅनाइट मराठी स्वयंपाकघरात आला.

ग्रॅनाइट हा अग्निजन्य खडक होय. पृथ्वीच्या पोटात फार खोलवर शिलारस साचतो आणि लक्षावधी वर्षे सावकाश निवत जातो. निवण्याची क्रिया मंद असल्यामुळे त्यातील खनिजांना मोठे कण धरावयास अवकाश मिळतो. ग्रॅनाइटवर जे ठिपके दिसतात ते हेच कण होत. त्यांतील काचेसारखे, राखी छटेचे कण गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्झचे असतात. पांढरे, गुलाबी किंवा तांबूस कण फेल्डस्पार नावाच्या खनिजाचे. आणि काळे चमकणारे कण बहुधा अभ्रकाचे किंवा तत्सम खनिजांचे असतात. महाराष्ट्राच्या फार मोठ्या भागावर ज्या काळ्या कातळाचे आच्छादन आहे, तो बेसाल्ट ह्याहून निराळा. तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठावर वाहिलेल्या लाव्हापासून लवकर निवून झाला. म्हणून त्याचे कण डोळ्यांना सहसा दिसत नाहीत. पाटा-वरवंटा ह्या काळ्या दगडाचा असतो. हैद्राबादच्या आसपासचे मोठमोठे गोल धोंडे मात्र ग्रॅनाइटचे आहेत आणि त्यांचे वय सुमारे २५० कोटी वर्षांचे मानले जाते. गोवळकोंड्याचा किल्ला अशाच ग्रॅनाइटच्या टेकडीवर उभा आहे. हंपीच्या परिसरातील शिळांचे ढीग ज्यांनी पाहिले असतील, त्यांनाही ह्या दगडाच्या चिवटपणाची कल्पना वेगळी द्यावयास नको.

येथवर झाले ते भूगर्भशास्त्रातील ग्रॅनाइटचे वर्णन. व्यापारातील ग्रॅनाइटची व्याख्या ह्याहून फार सैल आहे. जो दगड कठीण आहे, ज्याला आरशासारखी चकाकी चढते आणि जो संगमरवर नाही, तो व्यापाऱ्याच्या भाषेत ग्रॅनाइट होतो. सर्वांत लोकप्रिय असलेला ‘काळा ग्रॅनाइट’ शास्त्राच्या दृष्टीने ग्रॅनाइट नव्हेच. कर्नाटकातील चामराजनगर आणि तामिळनाडूचा काही भाग येथून येणारा निखळ काळा दगड गॅब्रो किंवा डोलेराइट ह्या जातींचा असतो. त्यात गारगोटी जवळजवळ नसते. आंध्र प्रदेशात ओंगोलजवळ चिमकुर्ती येथे निघणाऱ्या ‘ब्लॅक गॅलॅक्सी’ ह्या जगप्रसिद्ध दगडावर सोनेरी कण चमकताना दिसतात. ते सोन्याचे नसून पायरॉक्झीन गटातील एका खनिजाचे आहेत, आणि तो दगडही गॅब्रोच्याच कुळातला आहे. ‘काश्मीर व्हाइट’ ह्या नावाच्या पांढऱ्या दगडाचा काश्मीरशी संबंध नाही. तो तामिळनाडूतून येतो, आणि त्यावरील तांबडे ठिपके गार्नेट नावाच्या खनिजाचे असतात. खऱ्या ग्रॅनाइटची उदाहरणे द्यावयाची तर बंगळूरजवळचा सादरहळ्ळीचा करडा दगड किंवा राजस्थानातील जालोरचा गुलाबी दगड ह्यांची देता येतील.

नावाची ही गफलत म्हणजे ग्राहकाची फसवणूकच, असे मात्र समजू नये. चांगला काळा गॅब्रो ओट्याच्या कामी पुष्कळ वेळा खऱ्या ग्रॅनाइटपेक्षाही सरस ठरतो, कारण त्याचे कण घट्ट गुंफलेले असतात आणि तो पाणी फारच थोडे शोषतो. घोटाळा होतो तो निराळ्याच ठिकाणी. ‘ग्रॅनाइट आहे, म्हणजे त्याला काही होणार नाही’ ह्या एका वाक्यावर भिस्त ठेवून सर्व दगड सारखेच मानले जातात. म्हणून दगडाचे नाव विचारून थांबू नये. त्याचे तीन गुण पाहावेत. त्याचा कठीणपणा किती, तो द्रव किती शोषतो आणि आम्लापुढे तो टिकतो की नाही, हे ते तीन गुण होत.

प्रथम कठीणपणा. फ्रीडरिश मोस ह्या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची १ ते १० अशी श्रेणी ठरवून दिली. सर्वांत मऊ शंखजिऱ्याला १ आणि हिऱ्याला १० असे तिचे अंक आहेत. ह्या श्रेणीत संगमरवर आणि चुनखडक ह्यांतील मुख्य खनिज असलेले कॅल्साइट ३ वर येते, पोलादी सुरीचे पाते साधारणतः ५.५ वर, फेल्डस्पार ६ वर आणि गारगोटी ७ वर. ह्यावरून दिसून येईल, की सुरीने संगमरवर ओरखडला जातो, पण ग्रॅनाइटवर सुरीचेच पाते झिजते. म्हणून ग्रॅनाइटच्या ओट्यावर भाजी थेट चिरू नये, हा सल्ला दगडाच्या काळजीने दिलेला नसून सुरीच्या काळजीने दिलेला आहे, असे म्हणावे लागेल.

दुसरा गुण शोषणाचा. दगड कितीही घट्ट दिसला, तरी त्याच्या कणाकणांमध्ये सूक्ष्म फटी असतात. पाणी आणि तेल त्यांतून आत शिरते. पाणी उडून जाते. तेल आणि त्याच्याबरोबर गेलेली हळद मात्र आतच राहते. सर्वसाधारणतः गर्द रंगाचे, बारीक कणांचे दगड कमी शोषतात आणि फिकट रंगाचे, मोठ्या कणांचे दगड अधिक. ह्या नियमाला अपवाद असल्यामुळे रंगावरून निवाडा करणे सुरक्षित नाही. काही पांढऱ्या दगडांत लोहाचा अंश असतो. सिंकभोवती सतत ओल राहिली, की हे लोह गंजते आणि दगडावर पिवळट छाया पसरते. हा दोष बाहेरून लागलेला नसल्यामुळे पुसण्याने जात नाही.

तिसरा गुण आम्लापुढे टिकण्याचा. खरा ग्रॅनाइट आणि चांगला काळा गॅब्रो ह्या दोहोंवर लिंबू, चिंच किंवा शिरका ह्यांचा परिणाम होत नाही. परंतु शिरा असलेल्या काही शोभिवंत दगडांत कॅल्साइटच्या रेषा असतात, आणि क्वचित चुनखडीच्या जातीचा दगडही कठीण दगडाच्या नावावर खपवला जातो. अशा दगडाची गत वर सांगितलेल्या कडप्प्यासारखीच व्हावयाची.

आता हे तीन गुण पारखावयाचे कसे? त्यासाठी प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. व्यापाऱ्याकडे कापून उरलेले तुकडे नेहमीच पडलेले असतात. जी शिळा पसंत पडली असेल, तिच्याच जातीचा, आणि शक्य तर तिच्याच कडेचा, वीतभर तुकडा मागून घ्यावा आणि एक रात्र घरी ठेवावा. कोणताही प्रामाणिक व्यापारी ह्याला हरकत घेत नाही. आणि जो घेईल, त्याच्या नकारातूनही थोडी माहिती मिळतेच.

पहिली परीक्षा पाण्याची. तुकडा कोरडा करून त्याच्या चकाकत्या बाजूवर चमचाभर पाणी ओतावे आणि पंधरा मिनिटांनी पुसून पाहावे. पाण्याखालची जागा काळवंडली नसेल, तर दगड उत्तम. पंधरा मिनिटांनी थोडी काळवंडली असेल, तर दगडाला संरक्षक द्रवाचा लेप द्यावा लागेल. पाणी ओतताच दोन-तीन मिनिटांत डाग पसरला, तर तो दगड बैठकीच्या भिंतीसाठी ठेवावा, ओट्यासाठी घेऊ नये.

दुसरी परीक्षा लिंबाची. तुकड्याच्या निरनिराळ्या भागांवर, विशेषतः शिरांवर, लिंबाच्या रसाचे थेंब टाकून अर्धा तास राहू द्यावेत. नंतर धुऊन तुकडा उजेडात तिरका धरावा. थेंबाच्या जागी चकाकी मावळलेली दिसली, तर त्यात चुन्याचा अंश आहे असे निश्चित समजावे.

तिसरी परीक्षा हळद आणि तेलाची. चमचाभर कोमट तेलात हळद कालवून ती तुकड्यावर रात्रभर ठेवावी आणि सकाळी साबणाने धुवावी. जो दगड ह्या परीक्षेत उतरला, त्याला पुढे फोडणीच्या तेलाची, लोणच्याच्या खाराची किंवा मसाल्याच्या वाटणाची भीती नाही. गोव्याच्या स्वयंपाकघरात ह्याच वेळी आमसूल आणि शिरका, हैद्राबादच्या घरात चिंचेचा कोळ, तर इंदूर-बडोद्याकडे लोणच्याचे तेल लावून पाहावे. ओट्याला ज्या पदार्थांशी रोज गाठ घालावयाची आहे, त्यांनीच त्याची परीक्षा घेतलेली बरी.

चौथी परीक्षा केवळ काळ्या दगडासाठी आहे. करड्या रंगाच्या हलक्या दगडाला रंग किंवा तेल चोपडून निखळ काळा म्हणून विकण्याचे प्रकार बाजारात घडतात. पांढऱ्या स्वच्छ फडक्यावर नखांचा रंग काढण्याचे ॲसिटोनयुक्त द्रव घेऊन तुकड्यावर जोराने घासावे. दगडाचा काळा रंग नैसर्गिक असेल, तर फडके पांढरेच राहते. ते काळे झाले, तर तो रंग वर्षा-दोन वर्षांत भांड्याच्या साबणानेही उतरेल आणि ओटा राखी ठिपक्यांनी भरून जाईल.

परीक्षेत उतरलेल्या दगडांपैकी कोणता घ्यावा, हा प्रश्न मग आवडीचा उरतो. तरी त्यातही व्यवहार आहेच. काळ्या ओट्यावर हळदीचा डाग दिसत नाही, पण पिठाची भुकटी आणि पाणी वाळून राहिलेले पांढरे वण उठून दिसतात. जेथे विहिरीचे किंवा कूपनलिकेचे जड पाणी वापरात आहे, तेथे हा त्रास अधिक. फिकट ओट्याने अंधाऱ्या स्वयंपाकघराला उजेड येतो, पण तो रोज निगुतीने पुसावा लागतो. बारीक बुंदीदार ठिपक्यांचा दगड सांडलवंड झाकतो, म्हणून काहींना सोयीचा वाटतो. मात्र जो दगड सांडलेले झाकतो, तो मुंग्यांची रांग आणि सुकलेला चिकटाही झाकतो, हे विसरू नये. अलीकडे खडबडीत पोताचे, चामड्यासारखे दिसणारे दगडही मिळतात. त्यांवर बोटांचे ठसे दिसत नाहीत. परंतु ज्या घरात पोळ्या थेट ओट्यावर लाटल्या जातात, तेथे गुळगुळीत चकाकीचा दगडच बरा, कारण खडबडीत पोतात कणीक अडकून राहते.

तुकड्याची परीक्षा झाल्यावर प्रत्यक्ष शिळेकडे वळावे. एकाच खाणीच्या दोन शिळांत रंगाचा फरक असतो, म्हणून नमुना पाहून मागणी नोंदवू नये. जी शिळा घरी येणार तीच उभी करून पाहावी आणि तिच्यावर खूण करावी. ती कोरडी आणि ओली अशी दोन्ही प्रकारे पाहावी, कारण ओली असताना बारीक भेगा अधिक काळ वाळायच्या राहतात आणि रेषेसारख्या उमटतात. रेष दिसली, तर तिच्यावरून नख फिरवावे. नख अडकले तर ती भेग आहे; अडकले नाही, तर ती बहुधा दगडाची नैसर्गिक शीर आहे. शिळेच्या पाठीवर जाळी चिकटवलेली आढळली, तर तो दगड मुळात ठिसूळ आहे आणि कापताना-वाहताना तुटू नये म्हणून त्याला आधार दिला आहे, असे जाणावे. असा दगड वर्ज्यच असे नाही, पण सिंकसाठी मोठे भोक पाडावयाचे असेल तेथे तो टाळणे शहाणपणाचे.

जाडी सांगण्यावरून मानू नये, पट्टीने मोजावी. आपल्याकडे ओट्यासाठी सामान्यतः १८ ते २० मिलिमीटर जाडीच्या, म्हणजे सुमारे पाऊण इंचाच्या शिळा वापरतात. त्याहून पातळ शिळा स्वस्त पडते, पण कुकर हातून निसटला की आधी तीच तडकते. लांब ओट्याला दोन शिळा लागत असतील, तर दोन्हींची जाडी सारखी आहे ना, हेही पाहावे. अन्यथा सांध्याजवळ पायरी राहते. बाजारात मोठ्या आणि लहान अशा दोन्ही मापांच्या शिळा मिळतात. दोन फूट रुंदीच्या सरळ ओट्याला कमी रुंदीची लहान शिळा पुरते आणि वायाही थोडी जाते. मोठी शिळा घेतल्यास सांधे वाचतात, पण उरलेल्या तुकड्याचेही पैसे मोजावे लागतात. कडा घासणे, भोके पाडणे आणि वाहतूक ह्यांचा आकार बहुधा वेगळा लागतो. तो आधीच लिहून घेतला, म्हणजे पुढचा वाद टळतो.

दगड उत्तम असूनही बसवण्यातील चुकीने ओटा बिघडलेला पुष्कळ घरांत दिसतो. २० मिलिमीटर जाडीच्या ग्रॅनाइटचे वजन दर चौरस फुटाला सुमारे ५ किलो भरते. दहा फूट लांब आणि दोन फूट रुंद ओटा म्हणजे सुमारे १०० किलोंचा भार झाला. हा भार सर्वत्र सारखा पेलला गेला पाहिजे. आपल्याकडे कडप्प्याच्या उभ्या-आडव्या लाद्यांवर ग्रॅनाइट बसवण्याची जी जुनी रीत आहे, ती ह्या दृष्टीने भक्कम आहे. लाकडी कपाटांवर शिळा ठेवावयाची असेल, तर कपाटे एका पातळीत आहेत ह्याची खात्री करून घ्यावी. खाली पोकळी राहिली, तर नेमकी तेथेच शिळा तडकते. आधाराबाहेर शिळा सहा इंचांहून अधिक पुढे काढू नये. सिंकच्या भोकाच्या पुढे-मागे ज्या अरुंद पट्ट्या उरतात, त्या सर्वांत दुबळ्या असतात; म्हणून दोन शिळांचा सांधा तेथे येऊ देऊ नये, आणि शेगडीखालीही येऊ देऊ नये. पुढची कड धारदार न ठेवता अर्धगोल घासून घ्यावी. भांडे आपटले तरी ती सहसा टवकत नाही आणि हाताला, पोटाला लागतही नाही. त्या कडेच्या खालच्या अंगाला एक बारीक खाच पाडून घेतल्यास ओघळणारे पाणी कपाटात न जाता तेथेच ठिबकते. हे काम शिळा बसवण्यापूर्वीच होऊ शकते, नंतर नव्हे.

उंचीचा विचारही ह्याच वेळी करावा. गवंडी नेहमीच्या मापाने ओटा उचलतो आणि दगडाची जाडी त्यात धरावयास विसरतो. जी व्यक्ती ओट्याशी अधिक वेळ उभी राहणार, तिच्या वाकवलेल्या कोपरापासून सुमारे चार इंच खाली ओट्याचा पृष्ठभाग यावा, असा साधा नियम आहे. कंबर आणि खांदे ह्यांचे पुष्कळसे दुखणे ह्या चार इंचांच्या हिशेबात असते. ज्या घरात ओट्याचे माप आणि दगड पुरुषमंडळी परस्पर ठरवून येतात, तेथे तो हिशेब चुकण्याचा संभव अधिक. पोळ्या जिला किंवा ज्याला लाटावयाच्या आहेत, त्याच व्यक्तीने शिळेवर खूण करावी, हे उचित होय.

निगा राखणे अवघड नाही. ज्या दगडाने पाण्याच्या परीक्षेत थोडे पाणी शोषले असेल, त्याला संरक्षक लेप द्यावा आणि पाण्याच्या थेंबाने वरचेवर तपासून, गरज पडेल तेव्हा तो पुन्हा द्यावा. घट्ट काळ्या दगडाला लेपाची गरज बहुधा नसते. रोज साधा साबण आणि ओले फडके पुरेसे आहे. गंजाचे डाग घालवण्याच्या काही द्रावणांत हायड्रोफ्लुओरिक आम्ल असते; ते माणसाला घातक आहेच, पण ग्रॅनाइटलाही खाऊन टाकणारे आहे, म्हणून ते ओट्यापासून दूर ठेवावे. तापलेला तवा ग्रॅनाइटवर ठेवला तर दगड जळत नाही. परंतु एकाच जागी एकदम उष्णता लागली आणि बाजूचा भाग थंड राहिला, तर आधीच असलेली सूक्ष्म भेग वाढू शकते. तव्याखाली तिवई ठेवण्याची जुनी सवय म्हणून चांगलीच.

ह्या निवडीला आणखी एक बाजू आहे, आणि ती घराबाहेरच्या माणसाच्या आयुष्याशी निगडित आहे. दगड कापताना जी बारीक धूळ उडते, तिच्यात गारगोटीचे, म्हणजे सिलिकाचे, डोळ्यांना न दिसणारे कण असतात. ते श्वासावाटे फुप्फुसात जाऊन तेथेच रुततात आणि हळूहळू फुप्फुस कठीण होत जाते. ह्या विकाराला सिलिकोसिस म्हणतात. गेलेले फुप्फुस पूर्ववत करणारे औषध नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ह्या रोगाला सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत स्थान दिले होते, आणि दगडकामगारांची मोठी संख्या असलेल्या राजस्थानने २०१९ साली त्यासाठी स्वतंत्र धोरण आखले. खऱ्या ग्रॅनाइटमध्ये सिलिकाचा अंश सामान्यतः २० ते ४५ टक्के असतो. गारगोटीचा चुरा राळेत बसवून केलेल्या कृत्रिम ‘क्वार्ट्झ’ लाद्यांत तो ९० टक्क्यांहूनही अधिक असू शकतो. त्या लाद्या कापणाऱ्या तरुण कामगारांत हा रोग इतका आढळू लागला, की ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा दगडाच्या वापरावर बंदी घातली. ह्या लाद्या डाग शोषत नाहीत हे खरे. परंतु त्यांतील राळ तापलेल्या भांड्याने करपते, हेही तितकेच खरे.

ग्राहकाच्या हाती येथे एक सोपी गोष्ट असते. शिळा कापणे, सिंकचे भोक पाडणे आणि कडा घासणे ही कामे शक्यतो कारागिराच्या जागी, पाण्याच्या धारेखाली करून घ्यावीत, अशी अट मागणी नोंदवतानाच घालावी. पाण्याने धूळ बसते आणि पातेही टिकते. घरी येऊन कोरड्या यंत्राने शिळा कापताना जो पांढरा ढग उठतो, तो आठवडाभर घरातील धान्यावर, कपड्यांवर आणि मुलांच्या अंथरुणांवर बसतो; कारागिराच्या छातीत तर तो कायमचा बसतो. पाण्याची एक नळी आणि नाकावर बांधण्याची योग्य पट्टी ह्यांचा खर्च ओट्याच्या एकंदर खर्चात नगण्य आहे.

थोडक्यात असे म्हणता येईल, की ओट्यासाठी दगड निवडताना नाव शेवटी विचारावे, रंग त्याच्या आधी पाहावा, आणि सर्वांत प्रथम वीतभर तुकडा घरी आणून त्यावर पाणी, लिंबू आणि हळद ठेवावी. एका रात्रीच्या ह्या परीक्षेला खर्च नाही. तिच्यात जो दगड उतरेल, तो महागच असेल असे नाही; पुष्कळदा तो साधा करडा किंवा काळा, जवळच्याच खाणीचा आणि बेताच्या किमतीचा असतो. तो नीट आधारावर बसवावा, पाण्याखाली कापून घ्यावा, आणि ज्याचे हात त्यावर रोज वावरणार त्याच्या उंचीला जुळवावा. एवढे केले, म्हणजे पुढची पंचवीस वर्षे त्या ओट्याविषयी घरात कोणाला काही बोलण्याचा प्रसंग येणार नाही.